एका चाकामागची मेंढरं

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या वेळी, चौसाळ्याच्या अलीकडच्या वळणावर, मांजरसुंब्याकडून येणारा एक मालट्रक करकचून ब्रेक लावून थांबला. ट्रकपासून हातभर अंतरावर पन्नाशी उलटलेला एक माणूस एकचाकी सायकलवर होता. त्याचे पाय जमिनीला लागलेले नव्हते. एका हातात लोकर कातायची टकळी होती, दुसऱ्या हातात लोकरीचा पेळू. त्याच्याभोवती, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून, मेंढरं उभी होती. एकही मेलं नव्हतं.

ट्रकच्या मागे थांबलेल्या एसटीत मी होतो. तेव्हा मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. चौसाळ्याला कशासाठी निघालो होतो ते आता आठवत नाही. बस का थांबली हे बघायला उतरलो तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"सर्कस है क्या बे?"

एकचाकीवरचा माणूस जागच्या जागी पुढे-मागे डोलत होता. अर्धं पायडल पुढे, अर्धं मागे. त्याने टकळी छातीशी धरली आणि म्हणाला, "न्हाई. मेंढरं हायत."

तो सटवाजी देवकते. चौसाळ्याच्या पलीकडच्या एका वाडीचा मेंढपाळ. गावात त्यांना तात्या म्हणत. त्या सकाळी ते रस्ता अडवायला पुढे आले होते, आणि त्यांच्याच कळपाने तो त्यांच्या मनात नव्हता तसा अडवला होता. ती चूक काय होती हे समजायला आधी ते चाक समजून घ्यावं लागतं.

मेंढपाळ चालता चालता सूत कातत. खांद्याला लोकरीची पिशवी, एक हात वर, दुसऱ्या हाताची टकळी खाली गरगरत. सूत सनगरांकडे जाई, त्याची घोंगडी होई. सटवाजींच्या तरुणपणी त्या घोंगडीला मान होता. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा पानिपतची रंगीत ब्लँकेटं विकणारे मोपेडवरून वाडीवाडीत फिरत होते आणि कातरलेली लोकर कुणी फुकट नेली तरी मेंढपाळ त्याला चहा पाजत होते. सटवाजी तरीही कातत. कावून, असं कुणी विचारलं तर म्हणत, "हात रिकामे ऱ्हायले की दगड उचलत्यात."

चाक त्यांच्याकडे आलं ते एका सायकलवाल्यामुळे. गावोगाव मैदानात सात-सात दिवस सायकलवरून न उतरता फिरणारे खेळवाले तेव्हा येत. सायकलवरच जेवत, सायकलवरच दाढी करत, संध्याकाळी लोकांना खेळ दाखवत. असाच एक जण चौसाळ्याच्या शाळेच्या मैदानात उतरला. त्याच्याकडे एकचाकीही होती. सटवाजी मेंढरं घेऊन मैदानाच्या कडेने जात होते. खेळवाल्याने एका चाकावर बसून दोन्ही हातांनी ताटातलं जेवण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सटवाजींनी वाजवल्या नाहीत. ते त्याच्या हातांकडे बघत राहिले.

शेवटच्या दिवशी त्यांनी नवी घोंगडी आणि एक कोकरू देऊन ती एकचाकी घेतली. घरी आणली तेव्हा त्यांची बायको गिरजाबाई चुलीपुढे होती. तिने चाकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"सायकल घ्यायची व्हती तर सबंद घ्यायची. अर्धी कावून आनली?"

"सबंद सायकलीला हात लागत्यात, गिरजे."

शिकायला एक पावसाळा गेला. पडण्याच्या खुणा दोन्ही कोपरांवर शेवटपर्यंत होत्या. त्यानंतर डांबरी रस्त्याला आणि चांगल्या गाडीवाटेला ते चाकावर असत, रानात पायी. चाकाचा आणखी एक उपयोग त्यांनी सांगितला होता. मेंढरांच्या मागे चालणाऱ्याला फक्त धूळ दिसते. चाकावर बसलं की सगळ्या पाठींवरून पुढचं दिसतं.

बोलायला ते उतरत नसत. वळणाजवळच्या फाट्यावरच्या हॉटेलपुढे चहा घेतानाही चाकावरच डोलत राहत. त्यांच्याशी बोलणारा माणूस थोड्या वेळाने स्वतःही डोलू लागे. हॉटेलवाला म्हणे, "तात्या, खाली तर या. मला घेरी आली." तात्या म्हणत, "उतरलं की बसावं लागतंय. बसलं की तुजं गाऱ्हाणं ऐकावं लागतंय." आणि बशी परत देत. एक थेंब सांडलेला नसे.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना पंधरा ऑगस्टला बोलावलं. झेंडावंदनानंतर गावासमोर कसरती दाखवायच्या, असं ठरलं. सटवाजी आले, पण मेंढरं सांभाळायला मागे कुणी नव्हतं म्हणून कळपासकट आले. त्यांनी मैदानाला एक फेरी मारली. सरळ, नेहमीच्या चालीने. मुख्याध्यापक लाउडस्पीकरवर होते.

"देवकते, आता हात सोडून चालवा!"

"गुरुजी, धरलंय कुटं?"

मैदान हसलं. मुख्याध्यापकांनी दुसरं काही तरी करून दाखवा, असं सुचवलं. सटवाजी म्हणाले, "खेळ मी न्हाई करत. मी कामावर हाय." तेवढ्यात मेंढरांनी स्टेजपुढच्या कुंड्या संपवल्या होत्या. त्यानंतर शाळेने त्यांना बोलावलं नाही.

फाट्यावर मोपेडच्या कंपनीने मांडव घालून मेळा भरवला, तेव्हाचीही एक गोष्ट सांगतात. कोणतीही जुनी सायकल आणा, नवी गाडी हप्त्यावर न्या. सटवाजी मांडवापुढे डोलत उभे राहिले. विक्रेता शहरातला होता, हजरजबाबी होता. "काका, अर्धी सायकल असली तरी चालेल, घेऊ आपण." सटवाजींनी गाडी नीट न्याहाळली. म्हणाले, "हिच्यावर बसून टकळी फिरती का?" विक्रेता म्हणाला, "हात हँडलला ठेवावे लागतील ना." "मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून ते गेले.

इथवरचे सटवाजी हे गावाच्या गमतीचा विषय होते. नंतरचं गमतीचं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा कळप गेवराईच्या कालव्याकडे जाई. तिकडे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत, बदल्यात धान्य देत. ज्येष्ठात कळप परत येई. जाताना आणि येताना महामार्ग ओलांडावा लागे. आधी थोडं अंतर रस्त्याच्या कडेने जायचं, मग वळणाजवळ पलीकडे जाऊन गाडीवाट धरायची. पूर्वी हे काम बिड्या ओढत होई. मग रस्ता बदलला. रात्रंदिवस मालट्रक सुरू झाले. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांब ट्रेलर दक्षिणेकडे जाऊ लागले. मी सांगतोय त्या दिवाळीच्या आधीच्या ज्येष्ठात, परत येताना, कळपाचं शेपूट रस्त्यावर असताना, एक ट्रक त्यातून गेला. थांबला नाही. मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्या आणि गाभण मेंढ्याच त्यात गेल्या.

गिरजाबाई त्या वेळी कळपाच्या मागेच होती. सामानाचं तट्टू तिच्या हातात असे, चालू न शकणारी कोकरं तट्टूवरच्या झोळीत. तिने तट्टू खेचलं म्हणून तट्टू आणि ती वाचली. महिन्याभराने, भाकरी वाढताना, ती बोलली.

"इकून टाका. आष्टीचा यापारी कवापासून मागतोय. एकदाच इकली तर धडधाकट इकतील. अशी रस्त्यावर चिंध्या व्हऊन न्हाई."

सटवाजी जेवायचे थांबले. वाडीत ज्यांनी मेंढरं विकली होती त्यांतले दोघे आता फाट्यावर हमाली करत होते. ते म्हणाले, "एक साल दे. जाताना-येताना एक बी मेंढरू रस्त्यावर गेलं, तर मी सोता आष्टीला न्हीन. तुजी आन."

गिरजाबाई म्हणाली, "माजी नगं. बिरोबाची घ्या."

त्यांनी बिरोबाची घेतली. धनगराने ती सहज घेतलेली मी पाहिलेली नाही.

एका वर्षात रस्ता बदलणार नव्हता. सटवाजींचा विचार असा होता: कोणी तरी वळणाच्या पुढे जाऊन समोरून येणाऱ्या गाड्या थांबवल्या पाहिजेत. पायी धावून ते व्हायचं नाही, कारण कळप वळणाशी पोचतो तोवर गाडी आलेली असते. आणि एकचाकी धावत नाही. तिचं पायडल थेट चाकाला जोडलेलं; पाय एकदा फिरला की चाक एकदाच फिरतं. कितीही जोर लावला तरी वेग माणसाच्या पळण्याएवढा.

फाट्यावर मुनीर मिस्त्रींचं लेथचं दुकान होतं. त्या पावसाळ्यात विहिरीतली मोटार वर ओढायची एक चेनपुल्ली त्यांच्याकडे तुटून आली होती, आणि तिचं पोट उघडून जमिनीवर पडलं होतं. आत मधोमध एक लहान दातेरी चाक, त्याला चिकटून फिरणारी तीन, आणि त्या तिघांभोवती दातेरी कडं. सटवाजी चाकावरूनच ते बघत होते.

"मिस्त्री, ह्या मधल्याला धरून ठिवलं आन् ह्या तिघांला फिरवलं, तर भाईरचं कडं काय करंल?"

मुनीर मिस्त्रींनी हाताने फिरवून पाहिलं. बाहेरचं कडं तिघांपेक्षा जोरात फिरलं.

"पळतंय की तात्या."

"मग हे माज्या चाकात घाला."

"खुळे झाले का तुमी? हे पुल्लीचं हाय. सायकलला कोण घालतंय?"

"पुल्लीला काय ठावं ती कुटं हाय?"

ते दिवाळीपर्यंत चाललं. मुनीर मिस्त्रींनी पुल्लीचे दाते तासले, चाकाच्या मधला तुंबा नवा केला, तीन वेळा मोडला. मधलं दातेरी चाक चिमट्याला, म्हणजे सीटच्या दांड्याला, जखडायचं की पायडलच्या आसाला, यावर गिअर अवलंबून होता. त्यासाठी आसातून एक सळई आरपार घातली होती. तिची टोकं दोन्ही बाजूंना खुंटीसारखी बाहेर आली. डावीकडची खुंटी टाचेने आत ढकलली की वरचा गिअर: पाय एकदा, चाक दीडदा. उजवीकडची ढकलली की खालचा. खालच्या गिअरला चाक पूर्वीसारखं मुकं असे. वरच्या गिअरला आतल्या दात्यांचा खर्रर्र आवाज येई, गिरणीच्या पट्ट्यासारखा.

एक दोष राहिला होता. गिअर बदलताना मध्ये एक रिकामा क्षण येई. पायडलला काहीच धरलेलं नसे. मुनीर मिस्त्री म्हणाले, "तात्या, हितं मधी पोकळ हाय. तेवढ्यात पडाल." सटवाजींनी दोन आठवडे त्या पोकळ जागेत पडून काढले. मग पडायचे थांबले. मजुरी म्हणून मिस्त्रींनी एक घोंगडी घेतली, आणि उन्हाळ्यातही ती लेथच्या शेजारी घडी करून ठेवलेली असे.

त्या सकाळी ठरलं होतं ते असं. गिरजाबाई तट्टू घेऊन मागे. कळप रस्त्याच्या कडेने चालेल. वळण जवळ आलं की सटवाजी वरचा गिअर टाकून डांबरावरून कळपाच्या पुढे निघतील, वळणापलीकडे जाऊन गाड्या अडवतील, आणि तोवर गिरजाबाई कळप पलीकडे हाकलेल.

सटवाजींनी डावी टाच मारली, पोकळ क्षण ओलांडला आणि खर्रर्र करत कळपाच्या बाजूने पुढे गेले. पहिल्यांदाच ते एका चाकावर पळत होते. वळणाशी पोचले तेव्हा समोर ट्रक होता. त्यांनी दोन्ही हात वर केले. मग त्यांना मागून खुरांचा आवाज आला.

मेंढपाळ मागे असला की मेंढरं रमतगमत चालतात. तो पुढे निघाला की त्याच्या मागे जातात. पाणवठ्याकडे, पुलावरून, अंधारातून, कुठेही. हे त्यांना जन्मापासून शिकवलेलं असतं, आणि त्या कळपाला ते सटवाजींनी शिकवलं होतं. ते पुढे पळाले, तसा सगळा कळप कड सोडून डांबराच्या मधोमध त्यांच्या मागे पळाला. ट्रकच्या दिशेने.

ड्रायव्हर शिव्या देत असताना गिरजाबाई तट्टूला ओढत तिथवर आली. तिला धाप लागली होती. तिने पहिल्यांदा मेंढरांवरून नजर फिरवली. मग नवऱ्याला म्हणाली, "अवं, मेंढराला पाठ दाखवायची म्हंजी बोलवायचंच की. जलमभर काय शिकवलंत त्यास्नी?"

सटवाजी डोलत राहिले. म्हणाले, "ध्यानातच आलं न्हाई."

एसटीतले लोक हसले. ते दोघे हसले नाहीत. मेलं कोणी नव्हतं, म्हणून आण अजून शाबूत होती. पण परतीचा रस्ता बाकी होता.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी चार ओळींत आली. तिच्यात टकळीचा उल्लेख होता, गिअरचा नव्हता. वृत्तसंपादकांना तो खरा वाटला नाही.

माघात मी कालव्याच्या पाण्याच्या बातमीसाठी गेवराईकडे गेलो होतो, तेव्हा त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, शोधला. कापणी झालेल्या रानात जाळी लावून मेंढरं कोंडली होती. आष्टीचा व्यापारी आलेला होता. तो मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवून मांस चाचपत होता आणि गिरजाबाईशी बोलत होता. सटवाजींशी नाही.

"मावशी, ज्येष्ठात येतो. परतीला काय झालं तर मेलेल्याचा भाव मिळत न्हाई, ध्यानात ठिवा."

गिरजाबाई म्हणाली, "ज्येष्ठात या."

व्यापारी गेल्यावर सटवाजींनी मला कालव्याच्या भरावावरच्या वाटेवर नेलं. जाळी उघडली. ते कळपाच्या पुढे चाकावर, मुक्या गिअरमध्ये. कळप मागून चालत होता. त्यांनी डावी टाच मारली. खर्रर्र सुरू झाला आणि कळप एकदम गोळा होऊन पळू लागला. शेपूट उरलं नाही. म्हाताऱ्या मेंढ्याही मधे दाबल्या जाऊन पळत होत्या. भरावाच्या टोकाशी त्यांनी उजवी टाच मारली. आवाज थांबला. मेंढरं चालीवर आली.

"चूक माजी व्हती," सटवाजी म्हणाले. "त्यास्नी थांबवून मी पळायला बगत व्हतो. त्यास्नीच पळवायचं."

मी गिरजाबाईला विचारलं, जमेल का. ती कोकराला पाजत होती. म्हणाली, "मेंढरं शिकली. ह्यांचं ह्यांनी बगावं."

सटवाजींचं एक वाक्य मी त्या दिवशी टिपून घेतलं होतं. "पुढं जाणाऱ्याला मागचं दिसत न्हाई, मागं चालणाऱ्याला पुढचं. म्हून दोघं लागत्यात." ते मेंढरांबद्दल बोलत होते.

ज्येष्ठात मी मुद्दाम गेलो. मुनीर मिस्त्री लेथ बंद करून आले होते. व्यापारी आपला टेम्पो फाट्यावर उभा करून हॉटेलात बसला होता. कळप गाडीवाटेने आला आणि महामार्गाच्या कडेला थांबला. सटवाजी त्याच्या पुढे डोलत होते. टकळी फिरत होती. ते गाड्यांकडे बघत नव्हते, मान तिरकी करून वळणापलीकडचं ऐकत होते. दोन ट्रक गेले. एक एसटी गेली. मग शांत झालं.

त्यांनी डावी टाच मारली आणि डांबरावर आले. खुंटी अर्धीच आत गेली. पोकळ क्षण संपलाच नाही. पायडल मोकळं गरगरलं आणि सटवाजी रस्त्याच्या मधोमध पडले. चाक लोळत दुसऱ्या कडेला गेलं.

वळणावरून मोटारींचा ट्रेलर आला.

मुनीर मिस्त्री ओरडले. गिरजाबाई कळपामागून पुढे घुसू लागली, पण मेंढरांची दाटी होती. सटवाजी कोपरावर सरकत पलीकडच्या कडेला गेले. ट्रेलर हॉर्न वाजवत त्यांच्या आणि कळपाच्या मधून गेला.

मेंढरं जागची हलली नव्हती. पहिल्या रांगेची खुरं डांबराच्या कडेवर होती. खर्रर्र वाजला नव्हता, म्हणून ती निघाली नव्हती.

सटवाजी उठले. टकळी मोडली होती, ती त्यांनी खिशात घातली. चाक उचललं, रस्ता पायी ओलांडून परत कळपापुढे आले. मुनीर मिस्त्रींनी दगडाने सळई ठोकून सरळ केली. सटवाजींचं मनगट सुजायला लागलं होतं. गिरजाबाई म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या. हितंच वस्ती करू." सटवाजी म्हणाले, "आज न्हाई केलं तर ती इसरतील." मेंढरं विसरतील, की ते स्वतः, हे मी विचारलं नाही.

ते पुन्हा बसले. ऐकलं. टाच मारली. या वेळी आवाज आला, आणि सगळा कळप एका लोंढ्यासारखा रस्ता ओलांडून गेला. विडी पेटवायला लागतो तेवढा वेळ लागला असेल. तट्टू शेवटी गेलं.

पलीकडे गिरजाबाईने एकेक मेंढी बघून घेतली. मग ती हॉटेलाच्या दारात गेली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "टेम्पो न्या आता. ऊन व्हतंय."

पुढची काही वर्षं कळप असाच गेला आणि आला. मुनीर मिस्त्रींनी सळई दोनदा बदलली. माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली.

सटवाजींना मी शेवटचं पाहिलं ते एसटीतून. दिवाळीनंतरचे दिवस होते. बस वळणाच्या अलीकडे थांबली आणि कंडक्टर म्हणाला, "तात्याची मेंढरं हायत. बसा निवांत, लगीच व्हतंय." खर्रर्र ऐकू आला. कळप समोरून गेला. सटवाजी पलीकडच्या कडेला जाऊन वळले होते आणि तोंड कळपाकडे करून डोलत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. तट्टू अजून अलीकडेच होतं. गिरजाबाई त्याला ओढत होती आणि ते अडून बसलं होतं. ती काही तरी बोलली. सटवाजींनी टकळी थांबवली नाही, पण ते हसले. तट्टू पलीकडे गेलं, तसं त्यांनी चाक फिरवलं आणि गाडीवाटेला लागले. बस सुटली.

त्याच वर्षी माघात, गेवराईकडच्या एका रानात, वाड्यावर, ते तापाने वारले. बातमी कुठे आली नाही. मला मुनीर मिस्त्रींनी फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं. आष्टीचा व्यापारी दहाव्याला गेला होता, हेही सांगितलं.

त्यापुढचं मी पाहिलेलं नाही. मुनीर मिस्त्रींनी सांगितलं आणि फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांचं जुळलं.

ज्येष्ठात कळप परतीच्या वाटेने महामार्गाच्या कडेला आला. तट्टू मागे होतं, लगाम सटवाजींच्या भावाच्या हातात. गिरजाबाई पुढे होती, पायी, लुगडं खोचलेलं. एका हाताने सीट धरून तिने एकचाकी शेजारी उभी केली होती. ती वळणापलीकडचं ऐकत थांबली. मग टाचेने डावी खुंटी आत ढकलली आणि चाक ढकलत डांबरावर आली. पायडलं आपोआप फिरत होती, खर्रर्र वाजत होता. मेंढरं तिच्या मागून पळत पलीकडे गेली.

पलीकडे पोचल्यावर ती चाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि टाचेने उजवी, मुक्या गिअरची खुंटी आत ढकलली.